आधी पर्याय, मग टाळं: वरिष्ठ सभागृह बंद करण्याविषयी

ऑकलंडला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "न्यूझीलंडनं १९५० मध्ये आपलं वरिष्ठ सभागृह बंद केलं आणि देशाचं त्यावाचून काही अडलं नाही. सुट्टीत गावी गेलो की सगळे म्हणतात, विधान परिषद म्हणजे पडलेल्या उमेदवारांची सोय, बंद करून टाका. वरिष्ठ सभागृह बंद केल्यानं कायद्यांची छाननी खरंच कमकुवत होते का?"

होते. त्या सभागृहाचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवण्याआधीच त्याला टाळं लावलं, तर नक्की होते. आणि टाळं लावायला एक अधिवेशन पुरतं, पर्याय उभा राहायला मात्र एखादी पिढी जाते. तुमचं न्यूझीलंडच याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

छाननी हा शब्द आपण फार सैल वापरतो. म्हणून ती जवळून कशी दिसते, ते आधी सांगतो. मी एका राज्याच्या विधिमंडळ सचिवालयात विधेयकांच्या कामात एकतीस वर्षं काढली. तिथं दोन सभागृहं होती. एकदा स्थानिक कराच्या अपिलांविषयीचं एक विधेयक संध्याकाळी विधानसभेत मंजूर झालं. चर्चा चालू असताना ऐनवेळी एक दुरुस्ती स्वीकारली गेली आणि सहाव्या कलमातलं पोटकलम (२) वगळलं गेलं. पुढची पोटकलमं एकेका आकड्यानं वर सरकली. (३) चं (२) झालं, (४) चं (३). रात्री साडेदहाला आम्ही दोघं मंजूर प्रत ताडून बघायला बसलो. एकानं मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामसुद्धा उच्चारून. दुसऱ्यानं ओळीखाली पट्टी सरकवत जायचं. अकराव्या कलमाशी माझी पट्टी थांबली. "कलम ६, पोटकलम (४) अन्वये दिलेल्या आदेशाविरुद्ध अपील करता येईल." कलम ६ मध्ये आता पोटकलम (४) उरलंच नव्हतं. माणसाला अपिलाचा हक्क दिला होता, पण ज्या पोटकलमाखालच्या आदेशाविरुद्ध दिला ते पोटकलमच कायद्यात कुठं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिषदेत दुरुस्ती मांडली गेली, विधेयक संमतीसाठी विधानसभेकडे परत गेलं आणि दोन मिनिटांत काम झालं.

काही वर्षांनी तशीच चूक पुन्हा झाली. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. एका सभागृहात दुपारी तीनला आणि दुसऱ्यात पाचला विधेयक मंजूर झालं, त्यामुळे मध्ये रात्र आलीच नाही. कायदा चुकीसकट राजपत्रात छापून आला. छपाईतली चूक असती तर शुद्धिपत्र काढून भागलं असतं. पण ही चूक सभागृहांनी मंजूर केलेल्या मजकुरातली होती आणि तिला नवं विधेयकच लागतं. ते पुढच्या अधिवेशनात आलं. तोवर अपिलाचे अर्ज घेऊन आलेल्या लोकांना खिडकीवरून परत पाठवलं जात होतं. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ आमच्यापर्यंत पोचले. त्यांनी कायद्याची प्रत मागितली, सहावं कलम बोटानं वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "इथं तर चौथं काही नाही." मला त्यांना उत्तर देता आलं नाही.

सभागृहं दोन्ही वेळा दोनच होती. फरक पडला तो मधल्या रात्रीचा. विधेयक मांडणं आणि मंजूर होणं यांच्यात सक्तीचा वेळ आणि त्या वेळात सरकारच्या मुठीत नसलेल्या माणसानं केलेलं वाचन, या दोन गोष्टी मिळाल्या की छाननी होते. वरिष्ठ सभागृह धड चालत असेल तर त्या आपोआप मिळतात. कनिष्ठ सभागृहातल्या बहुमताला त्या एका ठरावानं उडवून लावता येत नाहीत, हे तिसरं. पुढे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या तिसऱ्या गोष्टीविषयी आहे.

आता न्यूझीलंड. वेलिंग्टनचं संसद भवन पाहायला गेलात तर जुन्या विधान परिषदेचं दालन अजून तसंच आहे. संसदेच्या उद्घाटनाचं भाषण आजही तिथंच वाचलं जातं आणि खासदारांना बोलावणं धाडून तिथं आणलं जातं. कायदे मात्र त्या दालनात १९५० नंतर झालेले नाहीत.

ही परिषद १८५२ च्या ब्रिटिश कायद्यानं आली. सदस्य नेमलेले असत आणि सुरुवातीला नेमणूक तहहयात होती. १८९१ मध्ये ती सात वर्षांवर आणली. कुणी जन्मभर चिकटून बसू नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम उलटा झाला. सात वर्षांनी पुन्हा नेमणूक हवी असेल तर नेमणाऱ्याला दुखवून चालत नाही. हळूहळू परिषद सरकारी विधेयकांना मान डोलावणारी झाली. १९१४ मध्ये तिला निवडून आलेलं सभागृह बनवण्याचा कायदा झाला, पण तो कधी अमलात आणलाच नाही. शेवटी १९४९ मध्ये सिडनी हॉलंड यांच्या नॅशनल पक्षाचं सरकार आलं आणि त्यांनी परिषद बंद करायची ठरवलं. त्याला परिषदेचीही मंजुरी हवी होती, म्हणून स्वतःच्याच सभागृहाविरुद्ध मत देतील असे नवे सदस्य नेमले. त्यांना 'आत्मघाती पथक' असं नाव पडलं. १ डिसेंबर १९५० ला परिषदेची शेवटची बैठक झाली आणि १ जानेवारी १९५१ पासून ती संपली.

म्हणून "काही अडलं नाही" हे तुमचं म्हणणं १९५१ पुरतं बरोबर आहे. जे सभागृह सरकारला एक रात्रही थांबवत नव्हतं, ते गेल्यानं कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

नुकसान त्या दिवसानंतरचं आहे. परिषदेच्या जागी काय आणायचं हे बघायला समिती बसली होती. तिनं १९५२ मध्ये नेमणुकीच्या सिनेटची शिफारस केली आणि ती तशीच बाजूला पडली. उरलं काय? एक सभागृह. संसदेचा कायदा रद्द करू शकेल असं न्यायालय नाही. सगळ्या कायद्यांच्या वर बसेल अशी लिखित राज्यघटना नाही. आणि मतदारसंघागणिक ज्याला जास्त मतं तो विजयी, अशी निवडणूक. १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत देशभर मजूर पक्षाला जास्त मतं पडली आणि सत्ता नॅशनल पक्षाकडे राहिली. १९८२ मध्ये क्लाइड धरणाच्या पाणीहक्काला न्यायाधिकरणानं नकार दिला, तेव्हा सरकारनं खास कायदा करून तो हक्क देऊन टाकला. मधे थांबवणारं कुणी नव्हतं.

ती पोकळी तुकड्यातुकड्यानं भरली गेली. नागरिकांच्या तक्रारी ऐकणारा ओम्बुड्समन १९६२ मध्ये आला. जवळपास प्रत्येक विधेयक खासदारांच्या समितीकडे पाठवायचं आणि समितीनं लोकांकडून लेखी-तोंडी म्हणणं मागवायचं, ही पद्धत १९८५ च्या नियमबदलानंतर बसली. १९९० मध्ये मूलभूत हक्कांचा कायदा झाला. १९९३ च्या सार्वमतानं प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा, स्वीकारलं गेलं आणि १९९६ ला त्या पद्धतीनं पहिली निवडणूक झाली. त्यानंतर २०२० चा अपवाद सोडला तर कुठल्याही एका पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालेलं नाही. आज तुम्हाला जे "नीट चाललंय" असं दिसतं, ते या सगळ्या बांधकामामुळे दिसतं. सभागृह १९५० मध्ये गेलं आणि त्याच्या कामाचा मुख्य भाग १९८५ मध्ये दुसरीकडे सुरू झाला. मधली ३४-३५ वर्षं हिशेबात धरल्याशिवाय न्यूझीलंडचं उदाहरण देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय हे बांधकाम किती पक्कं आहे? २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दोन विधेयकांकडे बघा. सभागृह तेच, खासदार तेच.

पहिलं वाइतांगी कराराच्या तत्त्वांविषयीचं. माओरी लोक आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या १८४० च्या कराराचा अर्थ नव्यानं ठरवू पाहणारं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते समितीकडे गेलं. तीन लाखांहून जास्त लोकांनी आपलं म्हणणं पाठवलं. तिथं आजवर कुठल्याच विधेयकावर एवढी निवेदनं आली नव्हती. समितीनं ते पुढे नेऊ नये असा अहवाल दिला आणि १० एप्रिल २०२५ ला ते ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. सरकारातल्या दोन पक्षांनी आपण शेवटपर्यंत पाठिंबा देणार नाही हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे निकाल निवेदनांनीच बदलला असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक बाजूचं म्हणणं नोंदवलं गेलं, वाचलं गेलं, आणि देशानं ते महिनोन् महिने ऐकलं. एकाच सभागृहात इतकी खोल छाननी होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

दुसरं विधेयक वेतन-समानतेचं. ज्या कामांत बायकाच जास्त असतात, त्यांना तोलामोलाच्या इतर कामांइतका पगार मिळावा म्हणून दावा करण्याचे नियम त्यानं कडक केले. ६ मे २०२५ ला मांडलं आणि दुसऱ्या दिवशी मंजूर केलं. समितीकडे गेलंच नाही. चालू असलेले ३३ दावे एका झटक्यात थांबले. त्यांत रुग्णांची काळजी घेणाऱ्या, शाळांत काम करणाऱ्या हजारो बायकांचं वर्षानुवर्षांचं काम होतं. पुढे मेरिलिन वेअरिंग या माजी खासदार बाईंच्या पुढाकारानं वेगवेगळ्या पक्षांतल्या माजी महिला खासदार एकत्र आल्या आणि त्यांनी 'लोकांची समिती' नावानं स्वतःच सुनावण्या घेतल्या. संसदेनं जे ऐकायला हवं होतं ते निवृत्त खासदारांनी, अधिकार नसताना, कायदा होऊन गेल्यावर ऐकून घेतलं. माझ्या कामाच्या आयुष्यात छाननी चुकल्याचे अनेक प्रसंग पाहिले, पण ही गोष्ट वाचून जितकं वाईट वाटलं तितकं क्वचितच वाटलं असेल.

दोन विधेयकांत एवढा फरक कशानं पडला? तिथं 'अर्जन्सी' नावाचा ठराव असतो. तो साध्या बहुमतानं होतो आणि तो झाला की समितीचा टप्पा गाळता येतो. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हाती तपासनीसाला बसवायचं की उठवायचं हे ठरवणं, असा हा प्रकार आहे. समितीत सहा महिने घालवणं ही पद्धत कितीही चांगली असली तरी ती सरकारच्या इच्छेवर चालते. दुसरं सभागृह असं एका ठरावानं रजेवर पाठवता येत नाही.

आणि हे कुठल्या एका पक्षाचं पाप आहे असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मजूर पक्षाच्या काळात पाणीपुरवठा संस्थांच्या विधेयकात अर्जन्सी चालू असताना ग्रीन पक्षाची एक दुरुस्ती शिरली: या संस्थांच्या खासगीकरणाविषयीचं एक कलम बदलायचं तर पुढच्या संसदेला ६० टक्के मतं लागतील. विशेष बहुमताचं संरक्षण तिथं निवडणुकीविषयीच्या मोजक्या कलमांनाच असतं. साध्या धोरणाला ते द्यायचं म्हणजे पुढच्या निवडून आलेल्या सरकारचे हात बांधायचे. सभागृहात त्या दिवशी ते फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. कायद्याच्या प्राध्यापकांनी ते पकडलं, जाहीर पत्र लिहिलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारनं कलम मागे घेतलं. प्राध्यापक जागे होते म्हणून निभावलं. विधेयक ताडून बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून सांगतो, अशी गोष्ट दुसऱ्या वाचनाच्या रात्री हमखास सापडते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याची गोष्ट याहून कडू आहे. तिथं १९१७ मध्ये वरिष्ठ सभागृह बंद करावं का, असा कौल मागितला आणि साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नको' म्हटलं. तरी १९२२ मध्ये ते बंद झालं, न्यूझीलंडसारखेच आपले सदस्य भरून. त्याच्या जागी काहीच आलं नाही. पुढे ब्येल्की-पीटरसन हे १९६८ ते १९८७ अशी १९ वर्षं प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, होते. त्या काळात पोलीस खात्यात किती खोलवर लाचखोरी मुरली होती, ते १९८७ ते ८९ च्या फिट्झजेराल्ड चौकशीत बाहेर आलं. पोलीस आयुक्त आणि काही मंत्री तुरुंगात गेले. वरिष्ठ सभागृह असतं तर हे घडलं नसतं, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. मतदारसंघांची आखणीही तिथं एकतर्फी होती. पण चौकशी अहवालानं विधिमंडळाच्या समित्या नीट उभ्या करण्यावर भर दिला, हे लक्षात घ्या. प्रत्येक विधेयक आपोआप समितीकडे जाण्याची व्यवस्था तिथं २०११ मध्ये आली. १९२२ ते २०११. एक पूर्ण मानवी आयुष्य.

मग कुणी हे बरोबर केलंच नाही का? डेन्मार्कनं केलं. १९५३ च्या नव्या राज्यघटनेनं त्यांचं वरिष्ठ सभागृह, लान्स्टिंग, संपवलं; पण त्याच घटनेत त्याचा पर्याय लिहून ठेवला. विधेयक मंजूर झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत एकतृतीयांश सदस्यांनी, म्हणजे १७९ पैकी ६० जणांनी, मागणी केली तर ते विधेयक सार्वमताला टाकावं लागतं. अर्थसंकल्पासारख्या काही गोष्टी वगळल्या आहेत. पाडायचं तर विरोधातली मतं जास्त हवीत आणि ती एकूण मतदारांच्या ३० टक्के तरी हवीत. शिवाय दोनपंचमांश सदस्यांना तिसरं वाचन, म्हणजे मंजुरीचा शेवटचा टप्पा, कामाचे बारा दिवस पुढे ढकलता येतं. बघा, मी म्हणतो ती 'रात्र' त्यांनी घटनेतच लिहून टाकली, आणि ती मागण्याचा हक्क अल्पमतातल्यांना दिला. १९६३ मध्ये जमिनीविषयीचे चार कायदे या वाटेनं सार्वमताला गेले आणि लोकांनी चारही फेटाळले. तेव्हापासून हे कलम पुन्हा वापरावं लागलेलं नाही. ६० सह्या गोळा होऊ शकतात एवढ्या जाणिवेनंही सरकार विरोधकांशी आधी बोलून घेतं. स्वीडननं १९७१ पासून एकच सभागृह ठेवलं, पण मसुदा आधी न्यायाधीशांच्या मंडळाकडून तपासून घेण्याची रीत तिथं जुनीच आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९३७ पासून एकच सभागृह आहे आणि तिथं प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी व्हावीच लागते.

आता आपल्याकडे येतो. दुसरं सभागृह आहे म्हणून छाननी होतेच, असं मानणाऱ्यांनी २०२० चे शेतीविषयक कायदे आठवावेत. सप्टेंबरमध्ये लोकसभेत मांडले, तीन दिवसांत मंजूर. २० सप्टेंबरला त्यांतली दोन विधेयकं राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदानानं मंजूर. प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक सदस्यांच्या तपासणी समितीकडे, पाठवा ही मागणी मान्य झाली नाही. वर्षभर शेतकरी रस्त्यावर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना मंजूर झालं. वाचनाची ती मधली रात्र कायदे येतानाही मिळाली नाही, जातानाही नाही.

आणि सभागृह नेमकं कधी नकोसं होतं, ते आंध्र प्रदेशात दिसलं. तिथली परिषद १९८५ मध्ये बंद झाली होती, २००७ मध्ये परत आली. जानेवारी २०२० मध्ये राज्याला एकाऐवजी तीन राजधान्या करण्याचं विधेयक विधानसभेनं २० तारखेला मंजूर केलं. परिषदेत सत्ताधारी पक्ष अल्पमतात होता. २२ तारखेला सभापतींनी ते प्रवर समितीकडे पाठवायचा निर्णय दिला आणि २७ तारखेला विधानसभेनं परिषदच बंद करण्याचा ठराव केला. पाच दिवसांत! ती समिती प्रत्यक्षात कधी बसलीच नाही. पुढे परिषदेत सत्ताधाऱ्यांचं संख्याबळ वाढलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद करण्याचा ठराव मागे घेतला गेला. त्याच महिन्यात तीन राजधान्यांचा कायदाही सरकारनं मागे घेतला. खर्च वाचतो, वेळ वाचतो ही कारणं ठरावाच्या चर्चेत नेहमीच ऐकू येतात. मी ठरावाची तारीख आधी बघतो.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेविषयी गावी जे म्हणतात, त्यात तथ्य आहे. ७८ जागांपैकी ३० आमदार निवडून देतात, २२ स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी, पदवीधर आणि शिक्षक प्रत्येकी ७, आणि १२ राज्यपालनियुक्त. जागावाटपात निवडणूक हरलेल्यांची वर्णी लागते हे खरं आहे. पण याच परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून रोजगार हमी योजना निघाली, तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि पुढे देशानं ती कल्पना उचलली, हेही तितकंच खरं आहे.

छाननीपुरतं बोलायचं तर परिषदेचे अधिकार मुळातच तोकडे आहेत. घटनेच्या अनुच्छेद १९७ प्रमाणे साधं विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना रोखू शकते; नंतर विधानसभेचंच चालतं. धनविधेयकाला, म्हणजे कर-खर्चाच्या विधेयकाला, फक्त १४ दिवस. मग जादूटोणाविरोधी विधेयक इतकी वर्षं का रखडलं? विधानसभेनं ते २००५ मध्ये मंजूर केलं होतं. परिषदेत ते अडकलं, संयुक्त समितीकडे गेलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये कायदा झाला. परिषदेच्या अधिकारात आठ वर्षं अडवणं बसतच नाही. विधानसभेला ते पुन्हा मंजूर करून घेता आलं असतं. एकामागून एक आलेल्या सरकारांना अंगावर घ्यायचं नव्हतं, म्हणून परिषदेचं नाव पुढे राहिलं. दाभोलकर त्या कायद्यासाठी शेवटपर्यंत धडपडत होते. छाननीच्या नावाखाली झालेला उशीर मी छाननी मानत नाही.

याच्या उलट विशेष जनसुरक्षा विधेयक बघा. तुम्ही त्याच्या बाजूनं असा की विरुद्ध, कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. २०२४ मध्ये आलेलं हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांवर सूचना आल्या, आणि 'व्यक्ती व संघटना' हा मोघम शब्दप्रयोग काढून कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरता रोख आणण्यासारखे बदल झाले. ते पुरेसे आहेत का, यावर आजही वाद आहे. मग १० जुलै २०२५ ला विधानसभेनं आणि ११ जुलैला परिषदेनं ते मंजूर केलं. जी काही तपासणी झाली ती समितीच्या महिन्यांमध्ये. परिषदेतल्या त्या एका दिवसानं त्यात भर पडली नाही.

म्हणून माझी भूमिका अशी: आज आहे त्या स्थितीत विधान परिषद बंद करायला माझा विरोध आहे, आणि परिषद उत्तम काम करते असं मी म्हणतही नाही. अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेनं विशेष बहुमतानं ठराव करायचा आणि संसदेनं साधा कायदा करायचा, एवढ्यावर ती जाऊ शकते. त्या वाटेनं जाण्याआधी विधिमंडळाच्या नियमांत तीन गोष्टी याव्यात. प्रत्येक विधेयक समितीकडे आणि किमान तीस दिवस लोकांसाठी खुलं. हा टप्पा गाळायचा तर दोनतृतीयांश मतं, साधं बहुमत चालणार नाही. आणि डेन्मार्कसारखा, एकतृतीयांश सदस्यांना विधेयक काही दिवस थांबवण्याचा हक्क. हे पाच-सात वर्षं खरोखर चालताना दिसलं, की परिषद बंद करण्याच्या ठरावाला मी स्वतः पाठिंबा देईन. हे नियम येण्याआधी ठराव आला, तर पुढची तीस-पस्तीस वर्षं आपण न्यूझीलंडच्या १९५१ मध्ये राहणार.

गावी कुणी पुन्हा विषय काढला तर मागच्या अधिवेशनातलं कुठलंही एक विधेयक घ्या आणि मांडल्याची व मंजुरीची तारीख त्यांच्यासमोर ठेवा. आणि तुम्ही स्वतः ऑकलंडला आहात, म्हणजे तुमच्या हातात इथल्या माणसांपेक्षा जास्त आहे. तिथल्या संसदेच्या संकेतस्थळावर समित्यांकडे असलेली विधेयकं आणि निवेदनं पाठवायच्या शेवटच्या तारखा असतात. एक पान पुरे. कुठल्या कलमाविषयी बोलता आहात ते सुरुवातीलाच लिहा, काय बदलावं ते पुढच्या ओळीत, कारण नंतर. समितीपुढे तोंडी बोलायचं आहे का, असंही तिथं विचारतात. हो म्हणून कळवा.